पांढरी दिसते ती वाफ

(दृश्य: कोराडी, सकाळ. तलावापलीकडे कूलिंग टॉवर. ड्रोन सावकाश वर.)

निवेदन:
छिंदवाडा रोडनं नागपूर सोडलं की थोड्याच वेळात हे कोराडीचं कोळशावरचं वीज केंद्र दिसू लागतं. जगदंबेच्या दर्शनाला आलेल्यांच्या फोटोंतही मागे हेच असतं. कमरेशी निमुळते कूलिंग टॉवर आणि त्यांतून निघणारा पांढरा लोट. "बघा किती प्रदूषण," म्हणत लोक बोट दाखवतात ते याच लोटाकडे. पण ती नुसती पाण्याची वाफ. नागपूरच्या उन्हाशी ज्याचा संबंध आहे, तो कार्बन डायऑक्साइड शेजारच्या उंच चिमणीतून जातो आणि कॅमेऱ्यात येत नाही. म्हणून कॅमेरा घेऊन आपण आधी कोळशाकडे जाऊ.

(दृश्य: उमरेडची खाण. पायऱ्या-पायऱ्यांचा खड्डा, तळाशी डंपर.)

वरची काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग वाळूचा दगड आणि सगळ्यांत खाली कोळसा. कोळशाच्या वरचं जे काही आहे त्याला खाणीत 'ओबी' म्हणतात. ते आधी उपसायचं आणि बाजूला रचायचं. उमरेडच्या सपाट मुलखात रस्त्यावरून ज्या टेकड्या दिसतात, त्या या ओबीच्या.

(दृश्य: तळहातावर कोळशाचा तुकडा, अगदी जवळून.)

हा तुकडा नीट बघा. एक पट्टा चकाकतो, शेजारचा मातकट आहे. मातकट भागाची राख होते. आपल्याकडच्या कोळशात ३० ते ४० टक्के राखच असते. चकाकतं ते जंगल आहे. पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वी, डायनासोर यायच्याही आधी, इथे दलदल होती. झाडं पडली, चिखलात दबली, पुरती कुजलीच नाहीत. त्यांनी हवेतून ओढलेला कार्बन त्यांच्यासोबत जमिनीखाली गेला आणि तिथेच राहिला. आपण तो वर काढतो.

(दृश्य: कोळशाच्या वाघिणी, मग चिमणी, खालून वर.)

वीज केंद्रात कोळसा दळून पिठासारखा करतात आणि बॉयलरमध्ये फुंकतात. एका युनिट विजेला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो आणि जवळजवळ एक किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. जाळलं त्याहून निघालेलं जड कसं? जळताना कार्बनचा एकेक अणू हवेतल्या ऑक्सिजनचे दोन अणू घेऊन जातो. १२ ग्रॅम कार्बनचा ४४ ग्रॅम वायू होतो. वीज बनवणारे नवे संच कोळसा जरा कमी खातात. तरी ६६० मेगावॅटचा एक संच पूर्ण जोरात तासभर चालला, तर सहाशे टनांच्या आसपास वायू वर जातो. कोराडीत असे तीन संच आहेत. पलीकडे खापरखेड्याचं वीज केंद्र आहे, १३४० मेगावॅटचं.

(दृश्य: राखेचा तलाव. वाऱ्यानं उठलेली करडी धूळ.)

राखेवर बोलणं सोपं आहे. ती दोरीवरच्या कपड्यांवर बसते. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला, तेव्हा ती गावांकडे वाहत आली. गावकरी तक्रार करतात, आणि करायलाच हवी. कार्बन डायऑक्साइडला रंग नाही, वास नाही. त्याची तक्रार घेऊन कोण, कुठे जाणार?

(दृश्य: मे महिन्यातली रात्र. गच्ची, पाण्याची टाकी, खाली कूलरची घरघर.)

रात्री ११ वाजता गच्चीवर अनवाणी उभं राहा. दिवसभर तापलेला स्लॅब उष्णता सोडत असतो. डोळ्यांना न दिसणारे किरण होऊन ती वर निघते. शेत, तलाव, डोंगर, सगळे हेच करतात. सूर्याचा प्रकाश हवेतून खाली येतो तो फारशी अडचण न होता. परतीच्या या उष्णतेला मात्र कार्बन डायऑक्साइड वाटेत शोषतो आणि तिच्यातली काही पुन्हा खाली पाठवतो. १८९६ साली स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी याचा हिशेब हातानं मांडला होता. कारखाने येण्याआधी हवेच्या दर दहा लाख भागांत हा वायू २८० भाग होता. आता ४२० च्या वर गेला आहे. २०२४ हे वर्ष तेव्हाच्या मानानं दीड अंशाहून जास्त तापलेलं निघालं.

नागपूरकर उन्हाचं खापर फोडतो सिमेंट रोडवर. शहरापुरतं ते खरंही आहे, पण नरखेडच्या संत्र्याच्या बागेत सिमेंट रोड नाही. दुसरं नेहमीचं उत्तर: ऊन काय, आमच्या आज्याच्या काळातही होतंच. होतंच. आणि नागपूरचं तापमान ५६ अंशांवर गेल्याची २०२४ ची बातमी खोटी होती, सेन्सर बिघडला होता. नागपूरच्या सोनेगाव वेधशाळेचा विक्रम ४७.९ अंशांचा, २३ मे २०१३ चा. तापणं सिद्ध करायला बिघडलेला सेन्सर लागत नाही.

जग एकट्या कोराडीनं तापवलेलं नाही. सरासरी अमेरिकन माणूस आपल्या सातेक पट कार्बन सोडतो, आणि तिकडे हे कितीतरी आधीपासून चालू आहे. भारतानं ते दर हवामान परिषदेत ठणकावून सांगावं. चिमणीतले सहाशे टन त्यानं कमी होत नाहीत, एवढंच.

(दृश्य: भराभर कट. झाडाखाली गळलेली संत्री, पाण्यात बुडालेल्या गाड्या, दवाखान्याची खाट.)

काटोल-नरखेडात संत्र्याच्या आंबिया बहाराची फळगळ. २३ सप्टेंबर २०२३, काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस. नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरांत शिरली. हवा एक अंश तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, मग पाऊसही जोरात कोसळतो. नदीपात्रातल्या बांधकामांवर वेगळा व्हिडिओ करावा लागेल.

(दृश्य: कूलरचं दुकान. गवताच्या ताट्या, पंप, शेजारी एसीची खोकी.)

कूलर कोरड्या हवेतच चालतो. पाण्याची वाफ होते म्हणून हवा गार होते. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ तापते दिवस, सरला, हवेत दमटपणा आला की तोच कूलर नुसतं चिकचिक करतो. मग माणूस एसी घेतो. कूलर २०० वॅटच्या आसपास, दीड टनाचा एसी दीड हजाराच्या आसपास. कोराडीला तेवढा कोळसा जास्त लागतो.

(दृश्य: पुन्हा वीज केंद्र, बाहेरच्या रस्त्यावरून.)

याच कोराडीत ६६० मेगावॅटच्या आणखी दोन संचांसाठी जनसुनावणी झाली ती २०२३ च्या भर मे महिन्यात. इथला पहिला संच १९७४ साली सुरू झाला आणि पस्तीस वर्षांहून जास्त चालला. नवे तेवढेच टिकले तर २०६० नंतरही कोळसा मागतील.

आमची मागणी लहान आहे. वीजबिलावर युनिटच्या शेजारी एक रकाना वाढवा. या महिन्यात तुमच्या घरासाठी चिमणीतून किती किलो वर गेलं, ते त्यात छापा.