खोबण सगळ्यांचीच सारखी

(दृश्य: काचेच्या नरसाळ्यातला गाळण कागद. त्यातून थेंब थेंब उतरणारा फिकट गुलाबी अर्क.)

या गोष्टीत कागद दोनदा येतो. पहिल्यांदा येतो तो असा.

१९५५ साल. सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज सशाच्या स्नायूतून फॉस्फोरिलेज नावाचं, साठवलेली साखर मोकळी करणारं एन्झाइम काढत होते. ते दोन रूपांत सापडतं. 'ए' काम करतं, 'बी' नुसतं बसून राहतं. कार्ल आणि गर्टी कोरी यांच्या पद्धतीने गेलं, तर हाती 'ए' यायला हवं होतं. या दोघांना मात्र हटकून 'बी' मिळायचं. बदल केला होता तो अगदी किरकोळ. कोरी दांपत्याच्या पद्धतीत अर्क कागदातून गाळला जायचा, यांनी तो सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून नितळ केला होता. कागद परत आणला आणि 'ए' आलं!

कागदातून थोडं कॅल्शियम अर्कात उतरत होतं. ते कॅल्शियम अर्कातल्या आणखी एका एन्झाइमला जागं करत होतं, ज्याचं अस्तित्वही तोवर कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. हे दुसरं एन्झाइम एटीपीवरचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूवरचा, फॉस्फेट उचलायचं आणि फॉस्फोरिलेजला चिकटवायचं. एवढं झालं की 'बी'चं 'ए'.

अशा एन्झाइमांना म्हणतात प्रोटीन कायनेज. फिशर आणि क्रेब्ज यांना नोबेल मिळालं १९९२ साली. सदतीस वर्षं लागली, कारण हा प्रकार फक्त स्नायूतल्या साखरेपुरता नाही, हे जगाला पटायलाच तेवढा वेळ गेला. पेशीने वाढावं की थांबावं, इन्सुलिन आलं तर काय करावं, सूज आणावी की नाही, सगळीकडे कुणीतरी कुणालातरी फॉस्फेट लावत असतं. फॉस्फेटवर ऋण विद्युतभार असतो. तो चिकटला की प्रथिनाची घडी हलते, आणि घडी हलली की काम बदलतं. माणसाच्या जनुकांत अशा कायनेजची संख्या भरते पाचशेच्या वर. २००२ साली झालेली मोजणी ५१८ची.

(दृश्य: डंडी शहर. टे नदीचं पात्र, पलीकडे पूल.)

१९६९ मध्ये फिशर यांच्याकडे एक तरुण इंग्रज जीवरसायनशास्त्रज्ञ दाखल झाला. फिलिप कोहेन. दोन वर्षांनी तो स्कॉटलंडमधल्या डंडीला गेला आणि तिथलाच झाला. त्याचा विषय ग्लायकोजेन, म्हणजे शरीरात साठवलेली साखर, आणि इन्सुलिन. ग्लायकोजेन बनवणाऱ्या एन्झाइमला फॉस्फेट लावून थोपवणारं एक कायनेज त्याच्या प्रयोगशाळेने १९८० मध्ये वेगळं काढलं, आणि अशांतलं तिसरं म्हणून नाव ठेवलं ग्लायकोजेन सिंथेज कायनेज-३, थोडक्यात जीएसके-३. नाव साखरेवरून पडलं खरं, पण पुढे हेच कायनेज अल्झायमरमध्ये बिघडणाऱ्या टाऊ प्रथिनाला फॉस्फेट लावताना सापडलं. मानसिक आजारावर १९४९ पासून दिलं जाणारं लिथियम त्याला अडवतं, हे कळलं १९९६ मध्ये. कायनेजच्या नावावर जाऊ नये ते यासाठी.

आता प्रश्न औषधाचा. एखादं कायनेज बेफाम झालं, तर त्याला अडवायचं कसं?

(दृश्य: संगणकावर फिरणारी कायनेजची प्रतिकृती. वरचा लहान भाग, खालचा मोठा भाग, मधे खाच.)

प्रत्येक कायनेजचे साधारण दोन भाग, आणि त्यांच्या मधोमध एक खोबण. एटीपी बसतो तो या खोबणीत. तिथे दुसराच एखादा रेणू अडकवून ठेवला की एटीपीला जागा नाही, आणि काम बंद. सांगायला सोपं आहे. पण पाचशेच्या पाचशे कायनेज एकाच एटीपीवर चालतात, म्हणजे खोबणीही एकमेकींसारख्याच. त्यात पेशीत एटीपी भरपूर. औषधाच्या कितीतरी पट जास्त. एका कायनेजला अडवायला जावं, तर शंभरांना अडवून बसाल, असं औषधनिर्मितीतले बरेच जाणते लोक म्हणत होते, आणि त्यांचं म्हणणं वेडगळ मुळीच नव्हतं.

तरीही नव्वदच्या दशकात अमुक कायनेजचा इनहिबिटर, म्हणजे रोधक, म्हणून बाटल्या सर्रास विकल्या जात होत्या. पेशींवर रोधक टाका, काय थांबलं ते पाहा, आणि लिहा: हे काम त्या कायनेजचं. कोहेन यांनी विचारलेला प्रश्न जवळजवळ उर्मट वाटावा इतका साधा होता. बाटलीवर लिहिलंय तेच आत आहे का?

(दृश्य: हातमोजे घातलेले हात, ॲक्रिलिकचा जाड पारदर्शक पडदा, कागदाचे छोटे चौकोन.)

हा कागद दुसरा. पी-८१ नावाचा. त्याचे बोटभर चौकोन कापायचे आणि शिसपेन्सिलीने आकडे घालायचे; शाई धुऊन जाते. एका नळीत कायनेज, फॉस्फेट घेणारं पेप्टाइड (प्रथिनाचा छोटा तुकडा), मॅग्नेशियम आणि रोधक. शेवटी किरणोत्सारी फॉस्फरस असलेला एटीपी. थोडा वेळ ३० अंशांवर ठेवून त्यातला थेंब चौकोनावर सोडायचा, आणि सगळे चौकोन सौम्य फॉस्फोरिक आम्लात टाकून खळबळून धुवायचे, पुन्हा पुन्हा. धनभारित पेप्टाइड कागदाला धरून राहतं, उरलेला एटीपी वाहून जातो. मग ॲसिटोनमध्ये बुचकळून वाळवायचे आणि मोजणीयंत्रात घालायचे. आकडा मोठा आला, तर कायनेज चालू आहे. पडला, तर रोधकाने काम केलं. हे झालं एका कायनेजचं. तोच रोधक मग दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, रांगेतल्या प्रत्येकावर. कंटाळवाणं काम, आणि माझ्या मते या क्षेत्रातलं सर्वांत प्रामाणिक.

२००० साली डंडीने २८ रोधकांचा निकाल छापला. काही खरे उतरले. बऱ्याच जणांचं बिंग फुटलं. पीकेए या कायनेजचा म्हणून खपणारा एच-८९ हा रोधक इतर तीन कायनेजना तितकाच, किंवा जास्तच, अडवत होता. रॉटलेरिनची गोष्ट तर गमतीची. एका झाडाच्या फळांवरच्या तांबड्या भुकटीतून मिळणारा हा पदार्थ पीकेसी-डेल्टा या कायनेजचा रोधक म्हणून प्रसिद्ध होता. त्याने अडवली ती भलतीच कायनेज. पीकेसी-डेल्टाला धक्काही लागला नाही.

पण मग जे रोधक खरे उतरले, ते कसे? खोबण तर सारखीच!

याचं उत्तर त्याआधी दोन वर्षं, १९९८ मध्येच हाती लागलं होतं. पी-३८ हे सुजेशी संबंधित कायनेज. त्याला अडवणारा एसबी २०३५८० त्याच्या जवळच्या नातलगांना हात लावत नव्हता. कोहेन आणि सहकाऱ्यांनी खोबणीच्या आतल्या टोकाशी पाहिलं. प्रथिनं अमिनो आम्लांच्या साखळीची बनतात. पी-३८मध्ये तिथे थ्रिओनिन, म्हणजे लहान अमिनो आम्ल. त्याच्या मागच्या पोकळीत रोधकाचं एक कडं सरकून बसतं. नातलगांत त्या जागी मोठं अमिनो आम्ल, त्यामुळे वाटच बंद. त्यांनी नातलगांतलं ते एक अमिनो आम्ल बदलून थ्रिओनिन केलं, आणि रोधक त्यांनाही अडवू लागला. शेकडो अमिनो आम्लांच्या साखळीतलं फक्त एक! या जागेला आता द्वारपाल म्हणतात, आणि नाव अगदी चपखल आहे.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचा नमुना, पांढऱ्या पेशींची दाटी.)

मे २००१मध्ये अमेरिकेत इमॅटिनिब या कायनेज रोधक औषधाला मान्यता मिळाली. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात एबल नावाचं कायनेज बीसीआर या दुसऱ्या प्रथिनाच्या तुकड्याला जोडलं जातं आणि मग थांबायचं नावच घेत नाही. इमॅटिनिब त्याच्या खोबणीत बसतं. सुरुवातीच्या चाचणीत पुरेसा डोस मिळालेल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांचं रक्त पूर्ववत झालं. त्याच वर्षी काही रुग्णांत औषध चालेनासं झाल्याचं दिसलं. जनुक वाचलं, तर ३१५ क्रमांकाच्या थ्रिओनिनच्या जागी आयसोल्युसिन, म्हणजे मोठं अमिनो आम्ल. एबलमधली ही जागा द्वारपालाचीच. डंडीत माणसांनी मुद्दाम जे केलं होतं, तेच ल्युकेमियाच्या पेशींनी उलट्या दिशेने, आपसूक केलं.

२०१२ मध्ये आलेल्या पोनॅटिनिब या पुढच्या औषधाच्या रेणूत मधेच कार्बनचा तिहेरी बंध आहे, सरळ आणि सडपातळ. तो आयसोल्युसिनला न भिडता त्याच्या अंगावरून आत जातो.

पी-३८च्या रोधकांच्या नशिबी मात्र हे यश आलं नाही. संधिवातावरच्या चाचण्यांत ते एकामागून एक मागे पडले. नेम अचूक होता, पण त्या कायनेजला अडवून आजार फारसा हटत नव्हता.

(दृश्य: वाळत घातलेले कागदाचे चौकोन. पेन्सिलीचे आकडे.)

२००७ मध्ये डंडीने पुन्हा यादी काढली. या खेपेला ६५ रोधक, ७० ते ८० कायनेज. आणि रॉटलेरिन? त्याच्या जोरावर पीकेसी-डेल्टाविषयी निष्कर्ष काढणारे शोधनिबंध २००० नंतरही येतच राहिले.