डोंगर कोसळला तिथली वाईन

समोर हा सरळसोट कापल्यासारखा कडा दिसतोय ना, तो मों ग्रानिए. फ्रान्सच्या साव्हुआ भागात, शाँबेरी शहराच्या दक्षिणेला. नोव्हेंबर १२४८ मध्ये एका रात्री याचा अख्खा एक भाग खाली आला, सेंट आंद्रे नावाचं गाव आजूबाजूच्या वस्त्यांसकट गाडलं गेलं आणि दगडमाती पार मियाँ नावाच्या गावातल्या चॅपेलपर्यंत घरंगळत गेली. तिथे थांबली. भाविक म्हणतात, आतल्या काळ्या मेरीमातेच्या मूर्तीने थांबवली.

त्याच ढिगाऱ्यावर आज द्राक्षं आहेत. आप्रमाँ आणि आबीम हे इथले दोन वाईनचे पट्टे, दोन्हीकडे झाकेर नावाचं पांढरं द्राक्ष, जमीन चुनखडीच्या दगडगोट्यांची, पाणी ठरत नाही, हवा थंड, मग द्राक्षात साखर बेताचीच भरते आणि आंबटपणा टिकून राहतो. वाईनमध्ये अल्कोहोल साधारण साडेदहा-अकरा टक्के, रंग जवळजवळ पाण्यासारखा, वास हिरव्या सफरचंदाचा, लिंबाचा, थोडा पांढऱ्या फुलांचा. गोडवा नाहीच. नुसती प्यायलात तर खरं सांगायचं तर जरा फिकीच वाटेल, "एवढंच?" असं होईल. पण ही वाईन जेवणाबरोबरची आहे.

आता फॉन्ड्यू बघा, म्हणजे वितळलेल्या चीजमध्ये पाव बुडवून खायचा पदार्थ. बोफोर, कोंते वगैरे चीज किसून भांड्यात टाकायचं आणि त्यात हीच वाईन ओतायची, आणि ती काही नुसत्या चवीसाठी नाही बरं का. तिच्यातलं आम्ल चीजमधल्या प्रोटीनला धरून ठेवणारं कॅल्शियम ओढून घेतं, म्हणून चीज गोळा होऊन बसत नाही, गुळगुळीत वितळतं, आणि मग पावाचा तुकडा बुडवून खाताना शेजारी त्याच वाईनचा ग्लास असला की तोंडातलं तूपकट जाडपण धुऊन निघतं आणि पुढचा घास घ्यावासा वाटतो. फॉन्ड्यूबरोबर गार पाणी पिऊ नका, पोटात चीजचा गोळा होतो, असं तिथली माणसं अजून बजावतात (यात तथ्य कमी, वाईन पिण्याचं निमित्त जास्त, असं आपलं माझं मत). तळाशी लागलेली खरपूस खरवड मात्र सोडू नका, तिच्यासाठी टेबलावर भांडणं होतात.

रेब्लोशों चीज, बटाटे, कांदा आणि बेकन घालून भाजलेली तार्तिफ्लेत पण या वाईनबरोबर मस्त जमते. ही डिश आजीच्या काळातली वाटते खरी, पण या नावाने ती गाजली १९८० च्या दशकात, रेब्लोशोंचा खप वाढवायला.

मला विचाराल तर सगळ्यात भारी जोडी माशाची. बूर्जे तलावातला लाव्हारे, बटरमध्ये परतलेला, वर काही नाही. तिथे फ्रेंच ओकच्या पिंपातली जड वाईन आणलीत तर मासा हरवतो. ही हलकी आहे, शेजारी गप बसते, आणि बाटली ठेवायची नाही हं, वर्ष-दोन वर्षांत ताजी असतानाच उघडायची.