आधी चेंडू कुणी दिला?

नमस्कार श्रोतेहो.

व्हॉलीबॉल तुम्ही पाहिलेला आहे, बहुतेकांनी शाळेत खेळलेलाही आहे, म्हणून नियम सांगत बसत नाही. तीनच गोष्टींची आठवण करून देते. चेंडू हातात धरून ठेवता येत नाही, आणि ब्लॉक, म्हणजे नेटजवळ हात वर करून समोरचा फटका अडवणं, सोडलं तर एकाच खेळाडूला सलग दोनदा चेंडू मारता येत नाही. तीन स्पर्शांत तो नेटपलीकडे गेला पाहिजे. 1895 मध्ये विल्यम मॉर्गन यांनी हा खेळ सुरू केला, तेव्हा स्पर्शांना मर्यादा नव्हती. तीनची मर्यादा 1920 साली आली, आणि माझ्या मते या खेळात खरा जीव तेव्हा आला. कारण आता चेंडू दुसऱ्याला द्यावाच लागतो. एकजण उचलतो, दुसरा नेटजवळ चढवून देतो, तिसरा मारतो. टाळ्या तिसऱ्याला मिळतात. हे लक्षात ठेवा, टाळ्या तिसऱ्या स्पर्शाला मिळतात, गुण मात्र तिघांचा असतो.

मी अजून खेळते, मुलींना शिकवते आणि रोज थोडं लिहिते. खेळायची उमेद टिकते कशी, असं मला पुष्कळजण विचारतात. त्याचं उत्तर म्हणून मी एक गोष्ट सांगते. ती मला सांगायला फार आवडते, त्यामुळे जरा वेळ घेईन.

आमच्या संघात एक सेटर होती. सेटर म्हणजे चेंडू चढवून देणारी. ऐन स्पर्धेच्या दिवसांत तिचा घोटा मुरगळला. डॉक्टरांनी उडी मारायला सक्त मनाई केली. घरी आराम कर म्हटलं तरी ऐकेना, रोज मैदानावर हजर. पण बाकावर बसली की चेहरा पडलेला, नजर पायाच्या पट्टीवर. जिला खेळायचंय तिला नुसतं बघत बसायला लावणं यासारखं दुःख नाही.

मी तिच्या हातात एक वही दिली. म्हटलं, गुण लिहायला टेबलावर माणसं बसलीच आहेत, ते तू लिहू नकोस. आपल्याला गुण मिळाला, की त्याच्या आधी चेंडू कुणी दिला, ते लिही. आणि त्याच्याही आधी कुणी दिला, तेही लिही. नुसतं नाव नको, तिनं काय केलं ते लिही.

पहिल्या सामन्यात तिनं नावंच लिहिली. दुसऱ्यापासून वाक्यं यायला लागली. ‘सर्व्हिस अंगावर आली, एक पाऊल मागे घेतलं, गुडघे वाकले, चेंडू वर.’ असं तुटक, पण डोळ्यांसमोर उभं राहणारं. मग एक सामना असा झाला, की आम्ही अगदी काठावर हरलो. मुली मैदानाच्या कडेला गोल करून बसल्या. कुणी बोलेना. आमची स्मॅश मारणारी मुलगी तर टॉवेलमध्ये तोंड खुपसून बसलेली, शेवटचा चेंडू तिनं बाहेर मारला होता.

इथे एक सांगते, विषय थोडा बाजूला जाईल. हरल्यानंतर लगेच प्रशिक्षकानं लांबलचक भाषण करू नये. आणि शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला तर मुळीच लावू नये. धावणं ही शिक्षा आहे असं आपणच मुलांच्या मनावर ठसवायचं आणि पुढे तीच मुलं पळत नाहीत म्हणून तक्रार करायची, हे मला कधीच पटलेलं नाही. असो.

तर त्या दिवशी मी बोलले नाही. सेटरला म्हटलं, तू वाच.

तिनं वाचायला सुरुवात केली. गुण कुणी मारला हे त्यात नव्हतंच. आधी कुणी दिला, त्याच्या आधी कुणी दिला, एवढंच. पानापानावर एकच नाव यायला लागलं, आमच्या लिबेरोचं. लिबेरो ही मागच्या ओळीत खेळणारी, वेगळ्या रंगाचा शर्ट घालणारी खेळाडू, आंतरराष्ट्रीय नियमांत ती 1998 साली आली. तिला नेटच्या उंचीवरून चेंडू मारताच येत नाही. तिचं काम एकच, पडणारा चेंडू वर काढायचा. साहजिकच गुण मारणाऱ्यांत तिचं नाव येत नाही. वहीत मात्र सगळ्यात जास्त वेळा तिचंच होतं. आणि एका ठिकाणी लिहिलेलं होतं, ‘चेंडू नेटला लागून सरळ खाली आला. हिनं झेप घेऊन एका हातानं काढला. पडली. उठल्यावर आधी चेंडू कुठे गेला ते पाहिलं, कोपर नंतर पाहिलं.’

स्मॅश मारणारीनं टॉवेल बाजूला केला. म्हणाली, “ते परत वाच.”

सेटरनं परत वाचलं. तशी ही उठली, लिबेरोजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, “कोपर दाखव बघू.”

श्रोतेहो, कोपर चांगलंच खरचटलेलं होतं. आणि तोवर आमच्यापैकी कुणालाच ते दिसलेलं नव्हतं. त्या दोघी पाण्याची बाटली घेऊन नळाकडे गेल्या, जखम धुतली, आणि परत आल्या तेव्हा सगळ्याजणी एकदम बोलायला लागल्या होत्या. अगं, तो चेंडू तू कसा काढलास, ती सर्व्हिस कशी घेतलीस, माझंही लिहिलंयस का. हरलेल्या संघाचा तो गलका मला अजून ऐकू येतो. दुसऱ्या दिवशी सरावाला मुली वेळेच्या आधी आल्या. कुणी सांगितलेलं नव्हतं. स्मॅश मारणारी स्वतःहून मागच्या ओळीत उभी राहिली आणि म्हणाली, आज मला चेंडू काढायला शिकव.

सेटरचा घोटा बरा झाला, ती परत खेळायला लागली. त्यानंतर ती मला जे म्हणाली, ते मी माझ्या वहीत लिहून ठेवलंय. “ताई, बाकावर बसले तेव्हा वाटलं, माझं सगळं गेलं. लिहायला लागल्यावर कळलं, मी खेळत होते तेव्हा मला किती जणी चेंडू देत होत्या.”

ही ती गोष्ट. उमेद मला इथून मिळते.

तेव्हापासून आमच्याकडे एक सराव मैदानाबाहेर चालतो. एकच रॅली, म्हणजे सर्व्हिसपासून गुण मिळेपर्यंतचा खेळ, घ्यायची आणि ती दुसरीच्या जागेवरून लिहायची. म्हणजे स्मॅश मारणारीनं ‘मी’ म्हणून लिहायचं, पण तो ‘मी’ लिबेरोचा. मागच्या ओळीतून नेट कसं दिसतं, पुढचीची पाठ कशी आड येते, चेंडू हाताला लागतो तेव्हा आवाज कसा होतो. हे कल्पनेनं लिहायचं तर आधी नीट बघावं लागतं, तिला विचारावं लागतं. दुसऱ्याच्या जागी उभं राहून लिहिलं, की त्याचे कष्ट आपल्याला पुस्तकात वाचल्यासारखे दूरचे वाटत नाहीत. शुद्धलेखन मी तपासत नाही. मुलांच्या लेखनावर पहिल्या झटक्यात लाल खुणा करण्याची आपली सवय मोडायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

अभ्यासकांनीही याकडे पाहिलेलं आहे. 2003 साली रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थ्यांना दहा आठवडे, दर आठवड्याला, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहायला सांगितल्या. दुसऱ्या गटानं कटकटी लिहिल्या. पहिल्या गटाला आयुष्याबद्दल अधिक समाधान वाटलं, आणि मला भावलेली गोष्ट म्हणजे त्यांचा व्यायामाचा वेळही जास्त भरला. लिहिलं त्यांनी कागदावर, हलले त्यांचे हातपाय.

बक्षिसांचं मात्र वेगळं आहे. एडवर्ड डेसी यांनी 1971 साली दाखवून दिलं, की कोडी सोडवायचे पैसे दिले गेलेले विद्यार्थी पैसे बंद झाल्यावर मोकळ्या वेळात त्या कोड्यांना कमी हात लावतात. म्हणून प्रत्येक सरावाला चॉकलेट नाहीतर पदक लावू नका, असं मी पालकांना विनवते. मुलांना खेळ आवडतोच, त्याच्यावर किंमत चिकटवू नका.

बास्केटबॉलचे जॉन वुडन यांचं नाव काहींनी ऐकलं असेल. अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाच्या संघाला त्यांनी 1964 ते 1975 या 12 वर्षांत 10 राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. त्यांचा खेळाडूंना दंडक होता, की बास्केट केली की ज्यानं पास दिला त्याच्याकडे बघून मान हलवायची, निदान हसायचं. एकानं विचारलं, तो बघत नसला तर? वुडन यांनी सांगितलं, तो बघत असणारच.

बघत असणारच, श्रोतेहो. पास देणारा बघत असतोच.

तर खेळून आलात, किंवा नुसतं चालून आलात, तरी तीन ओळी लिहा. आज चेंडू कुणी दिला. त्यानं नेमकं काय केलं. तेव्हा मी कुठे होते. खेळत नसाल तर चेंडूच्या जागी तुमचं काम घाला. आधी कुणी दिलं, ते लिहा. आणि लिहिलेलं वहीतच ठेवू नका. 2005 साली मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी एका प्रयोगात लोकांना आभाराचं पत्र लिहून त्या व्यक्तीला स्वतः नेऊन द्यायला लावलं. पत्र देणाऱ्यांचा आनंद पुष्कळ वाढला, महिनाभर टिकला, तीन महिन्यांनी मात्र ओसरला. तेव्हा एकदा पत्र दिलं आणि झालं, असं करू नका. महिन्याला एक पान फाडा, ज्याचं त्याला द्या, आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुणासाठी लिहायला बसा.

नमस्कार.