गच्चीवरून खाली येणारी केबल

(दृश्य: नाशिक, इंदिरानगर. चार मजली इमारतीची गच्ची, पाण्याच्या टाक्या, मागे पांडवलेणीचा डोंगर.)

टाक्यांच्या कडेला बांधलेल्या दोन पाइपांमध्ये ताणलेली ही तांब्याची तार अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. लांबी साधारण २० मीटर, मधोमध तोडलेली. ७ मेगाहर्ट्‌झवर, म्हणजे हॅम मंडळींच्या (हौशी रेडिओवाल्यांच्या) चाळीस मीटर बँडवर चालणारा हा डायपोल, म्हणजे मधोमध दोन भाग केलेल्या तारेचा अँटेना. दिवसाढवळ्या त्यावर पुणं, कोल्हापूर, नागपूर गाठता येतं. तारेला खर्च किरकोळ आला. सोसायटीच्या सेक्रेटरींना पटवायला मात्र बरेच चहा लागले.

पण आज तारेकडे फार बघायचं नाही. तिच्या मध्यावरून निघून, कठडा ओलांडून, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत शिरणारी केबल बघायची. फीडलाइन, म्हणजे रेडिओ आणि अँटेना जोडणारी केबल. रेडिओवर सढळ हातानं खर्च करणारी माणसं इथे आली की एकतर हात आखडतात, नाहीतर गरज नसताना दुकानातली सगळ्यात जाड केबल उचलून आणतात.

(दृश्य: गच्चीवर दोघं. तिच्या हातात मोजपट्टी.)

ही मुलगी नुकतीच हॅम परवान्याची परीक्षा पास झाली. व्हीयू३ने सुरू होणारं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवर ओळख सांगायचं नाव, तिला मिळालंय. शेजारी आहेत ते तिला मोर्स शिकवणारे काका.

"काका, आरजी-२१३च घेते. सगळे तीच चांगली म्हणतात."

"चांगली आहेच गं. पण तुझ्या डायपोलला मधे खांब कुठाय?"

खांब नाही, आणि तिथेच अर्धा निर्णय झाला. आरजी-२१३ ही कोएक्स, म्हणजे मधे गाभा आणि भोवती तारांची जाळी असलेली केबल, १० मिलिमीटरहून जाड, वजन मीटरमागे दीडशे ग्रॅमच्या आसपास. आधाराशिवाय ती मधोमध लोंबली की तारेला झोळ पडतो, पाइप आत वाकतात आणि पहिल्या वादळात एखादी गाठ सुटते. दुसरी कोएक्स, आरजी-५८, जाडीला तिच्या निम्मी आणि वजनाला पावपट.

मग बारीक केबलमध्ये शक्ती वाया जात नाही का? जाते. खोलीपर्यंत २५ मीटर केबल धरू. ७ मेगाहर्ट्‌झवर आरजी-५८ त्या अंतरात एक डेसिबलच्या (शक्तीतला फरक मोजायचं एकक) आतबाहेर खाते. म्हणजे १०० वॅट सोडले तर वर सुमारे ८० पोचतात. आरजी-२१३मधून ९०च्या थोडे वर. समोरच्याच्या एस-मीटरचा, म्हणजे सिग्नल किती जोरात येतो ते दाखवणाऱ्या मापकाचा, एक आकडा ६ डेसिबलचा असतो. हा फरक अर्ध्या डेसिबलचा. कोल्हापूरच्या माणसाला तो ऐकूच येणार नाही.

पण तीच आरजी-५८ तेवढ्याच लांबीची १४५ मेगाहर्ट्‌झला वापरा. दोन तृतीयांश शक्ती वाटेतच गरम होऊन संपते. तिथे जाड केबलचे पैसे वसूल होतात. "चांगली केबल कुठली" या प्रश्नाला किती मेगाहर्ट्‌झ आणि किती मीटर हे विचारल्याशिवाय उत्तर नाही.

(दृश्य: एम. जी. रोड. दुकानात टांगलेली केबलची भेंडोळी.)

आता आमची आवडती केबल: आरजी-६, डिश टीव्हीवाले लावतात ती. कुठल्याही गल्लीत मिळते आणि ७ मेगाहर्ट्‌झला आरजी-५८पेक्षा कमी खाते. पण तिच्यावर ७५ ओहम लिहिलेलं असतं, रेडिओवर ५०, आणि नवशिके तिथेच घाबरतात. खरं तर मोकळ्या अवकाशातल्या डायपोलचा स्वतःचा रोध ७३ ओहम. स्लॅबपासून किती उंच आणि टोकं किती उतरती, यावर तो ५० ते ९०च्या दरम्यान कुठेही असतो. ५० आणि ७५ची गाठ पडली तर एसडब्ल्यूआर, म्हणजे किती शक्ती परत फिरते ते सांगणारा आकडा (१ सगळ्यात चांगला), येतो दीड. आजकालचे बहुतेक रेडिओ दीडला पूर्ण शक्ती देतात.

तिचे खरे दोष वेगळे. बाहेरची जाळी ॲल्युमिनियमची, तिला साधं सोल्डर धरत नाही. दाबून बसवायचा कनेक्टर लागतो. आणि आतला गाभा बहुधा तांब्याचा मुलामा दिलेलं पोलाद. चुंबक लावा, चिकटला तर पोलाद. ७ मेगाहर्ट्‌झचा प्रवाह तांब्याच्या वरच्या जेमतेम पाव दशांश मिलिमीटरच्या थरातून वाहतो, त्यामुळे इथे फारसं बिघडत नाही. खालच्या बँडवर, १६० मीटरला, तो पोलादात उतरतो आणि नुकसान वाढतं.

(दृश्य: काका माळ्यावरून जुनी केबल काढतात. टेबलावर एसडब्ल्यूआर मोजणारा, खिशात मावेल असा ॲनलायझर.)

आता जरा थांबू, कारण इथे भलेभले फसतात. या जुन्या केबलला डायपोल जोडून मोजलं. एसडब्ल्यूआर १.३. झकास! काकांनी वर जाऊन डायपोल सोडवला, केबलचं टोक मोकळं ठेवलं आणि पुन्हा मोजायला सांगितलं.

आकडा ३ आला.

टोकाला काहीच जोडलेलं नाही. पाठवलेलं सगळं परत यायला हवं, आकडा खूप वर जायला हवा. चांगल्या केबलचा जातोही. ३ येतो तेव्हा जाऊन-येऊन ६ डेसिबल केबलने गिळलेले असतात. म्हणजे एका बाजूला ३ डेसिबल, अर्धी शक्ती. परत येणारी शक्तीही वाटेतच मुरते, म्हणून मीटर खूश असतो. केबल जितकी वाईट तितका आकडा गोड. ही तपासणी ॲनलायझरनेच करायची, टोक मोकळं ठेवून १०० वॅट सोडायचे नाहीत.

केबल सोलली तर जाळी काळी पडलेली. कारण वरचा जोड. नाशिकचा पाऊस त्या उघड्या तोंडातून शिरला आणि जाळीच्या विणीतून दिव्यातल्या वातीसारखा खाली झिरपला. महागाची केबलही यातून वाचत नाही. जोडावर ताणून चिकटणारी रबरी टेप, वरून साधी पीव्हीसी टेप, आणि खिडकीतून आत शिरण्याआधी केबलला खाली एक वळसा, म्हणजे पाणी तिथून ठिबकतं, खोलीत येत नाही. एवढं केलं नाही तर आरजी-२१३ची चर्चा व्यर्थ आहे.

(दृश्य: निफाडजवळचं शेत. द्राक्षबागेच्या कडेला दोन उंच बांबू, त्यांच्यामधून खाली येणाऱ्या दोन समांतर तारा.)

कोएक्सला पर्याय आहे, तो इथे शेतावर बघा. जोडतार, म्हणजे दोन उघड्या तारा, मधे ठरावीक अंतरावर पीव्हीसीच्या नळीचे तुकडे. दुकानात जायचीही गरज नाही. चाळीस मीटरचाच डायपोल वीस मीटर बँडवर (१४ मेगाहर्ट्‌झ) वापरायचा म्हटलं तर मध्यावरचा रोध काही हजार ओहम होतो. तिथे आरजी-५८ लावून खोलीत ट्यूनर (रेडिओला जुळता रोध दाखवणारं यंत्र) फिरवला तर मीटर एकास एक दाखवेल, पण १०० वॅटमधले वर जातील दहा-पंधरा. बाकीचे केबल तापवण्यात गेले. ट्यूनर फक्त रेडिओची समजूत काढतो. केबलमधला बेबनाव तसाच राहतो. उघड्या जोडतारेचं नुकसान मुळातच इतकं कमी की तोच बेबनाव ती सहज पचवते. म्हणून एका तारेवर अनेक बँड हवे असतील तर जोडतार.

मात्र तिला लोखंडी कठडा, ग्रिल, पाइप चालत नाहीत. धातूपासून हातभर तरी लांब ठेवावी लागते. इंदिरानगरच्या इमारतीत ते जमवायचं कसं? आमच्या मते जमवू नये. शेत असेल तर जरूर करा.

(दृश्य: पुन्हा गच्ची. डायपोलच्या मध्यावर प्लास्टिकची छोटी डबी.)

या डबीत फेराइटच्या कड्यावर कोएक्सचे काही वेढे आहेत. एकास एक बलून; फुगा नव्हे, कोएक्स आणि डायपोल यांच्यातला जोड. कोएक्सच्या जाळीची बाहेरची बाजू ही गुपचूप तिसरी तार होऊन बसते आणि शेजाऱ्यांच्या एलईडी दिव्यांची, इन्व्हर्टरची खरखर गोळा करून थेट रेडिओत आणते. बलून ती वाट अडवतो. शहरात ऐकू येणं हीच मोठी अडचण, त्यामुळे जाड केबलवर वाचलेले पैसे या डबीत घाला.

आणि मे महिन्यातला वळीव गडगडायला लागला की केबल रेडिओपासून काढून ठेवायची. त्यात चर्चा नाही.

(दृश्य: दुकान. भेंडोळं उलगडलं जातंय.)

शेवटी ठरली आरजी-६. व्हीएचएफसाठी, म्हणजे १४५ मेगाहर्ट्‌झसारख्या वरच्या बँडसाठी, वेगळी, जाड केबल नंतर कधीतरी.

"काका, पंचवीस मीटर सांगू?"

"अठ्ठावीस सांग. खिडकीखालचा वळसा धरला नाहीस तू."