मशीनमध्ये नसलेला निळा

[दृश्य : स्कॅनरची काच. दोन बोटं त्यावर काहीतरी अलगद ठेवतात.]

हा भिंतीचा पोपडा आहे. दोन इंच रुंद, बिस्किटाएवढा जाड. लालबागमधली एक चाळ पाडायला घेतली तेव्हा राडारोड्यातून उचललेला. कडेनं बघितलं तर थर मोजता येतात. वर ऑइलपेंटचा पिस्ता, खाली डिस्टेंपरचा गुलाबी, मग दुसराच एक गुलाबी, मग पिवळट, आणि अगदी तळाला चुन्यातला निळा. प्रत्येक थर म्हणजे कुणाच्या तरी घरचं लग्न, नाहीतर गणपती. एरवी चाळीत भिंत रंगवायला कुणाला सवड असते?

पोपडा उचलणारी चित्रकार शेजारच्याच चाळीत राहते. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकली. दहा बाय बाराची खोली, त्यात खाट, शिलाई मशीन, कॉम्प्युटर, आई, बाबा आणि गुंडाळून उभे केलेले कॅनव्हास.

तिचा स्कॅनर जुना आहे, चालू झाला की रिक्षासारखा खाकरतो. पण ती नवा घेत नाही. हल्लीच्या चपट्या, स्वस्त स्कॅनरला काचेला टेकलेलं तेवढंच स्पष्ट दिसतं. जरा वर उचललेलं असलं की धूसर. तिच्या जुन्या, आत भिंग असलेल्या सीसीडी जातीच्या स्कॅनरला थोडी खोली कळते. आणि पोपडा काही सपाट नसतो.

[दृश्य : कॉम्प्युटरच्या पडद्यावर पोपड्याची कड, डोंगरकड्यासारखी मोठी.]

इंचाला 2400 ठिपके. दोन इंचांचे झाले 4800. तेच चित्र चार फूट रुंद छापायचं तर इंचामागे उरतात फक्त 100. प्रिंटवाला 300 मागतो. म्हणतो, मॅडम, फाटेल. म्हणजे चित्राचे ठिपके सुटे दिसतील.

खाटेवरून बाबा हसतात. "बॅनर जवळून बघायचंच नसतं. जवळून नुसता चिखल. रस्त्यापलीकडून हिरोचा डोळा."

बाबा सिनेमाची बॅनर रंगवायचे. हातभर फोटो समोर, त्यावर पेन्सिलीनं चौकटी मारलेल्या. तेवढ्याच चौकटी वीस फुटी कापडावर, खडूनं. एक चौकट बघायची, एक चौकट भरायची. पूर्ण चेहरा कुणालाच दिसायचा नाही, बॅनर वर चढेपर्यंत. याच धंद्यात 1930च्या दशकात मकबूल फिदा हुसेन नावाचा एक तरुण मुंबईत पोट भरत होता. पुढे 1947 साली तो प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या नव्या वळणाच्या चित्रकारांच्या गटात गेला आणि बाकीचं सगळ्यांना माहीत आहे. बाबा कुठल्या ग्रुपमध्ये गेले नाहीत. 1990च्या दशकात फ्लेक्स आलं, आणि आठवड्याचं काम एका रात्रीत छापून मिळायला लागलं. बाबांनी काही दिवस दुकानांच्या पाट्या केल्या. मग त्याही फ्लेक्सवर गेल्या.

म्हणजे ज्या मशीननं बापाचा ब्रश खाली ठेवायला लावला, त्याच जातीच्या मशीनवर मुलगी चित्रं छापते. आम्हाला वाटलं, या घरात यावरून वाद होत असतील. वाद होतात, पण ते पंख्यावरून. ओला कॅनव्हास वाळवायला पंखा फुल लागतो आणि बाबांचे गुडघे धरतात.

[दृश्य : देवघराची भिंत. जुन्या फ्रेममध्ये लक्ष्मी. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.]

ही तिच्या पणजीची लक्ष्मी. जवळून बघा. चित्र छापील आहे, पण साडीला खरी जर चिकटवलेली आहे. मुकुटावर टिकल्या. राजा रविवर्म्यानं 1894 साली मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तैलचित्र आधी हातानं काढायचं, मग त्यातला एकेक रंग वेगळ्या दगडावर उतरवायचा, आणि एकाच कागदावर एकावर एक छापायचा. दगड केसभर सरकला की लक्ष्मीचे ओठ गालावर. कॉम्प्युटरवर आज ज्याला लेयर म्हणतात, ते काम तेव्हा दगड करत होते. आणि छापून घरी आलेल्या लक्ष्मीला बायका दुपारच्या वेळी जर, टिकल्या, मणी लावत बसायच्या. एकाच चित्रात वेगवेगळी माध्यमं वापरली की त्याला मिक्स्ड मीडिया म्हणतात, हा शब्द आर्ट गॅलरीच्या पाटीवर शोभतो. आपल्याकडे ते देवघरात टांगलेलं होतं, त्याला नाव कुणी दिलं नव्हतं.

हे सांगायचं कारण, कॉम्प्युटर आला आणि चित्रकला बाटली, असं म्हणणारे अजून भेटतात. याच शहरात चित्रकार अकबर पदमसींनी 1969मध्ये नेहरू फेलोशिपच्या पैशातून चित्रकार आणि कॅमेरावाले एकत्र काम करतील अशी कार्यशाळा उभी केली. उतारवयात त्यांनी कॉम्प्युटरवर चित्रं केली, त्यांना ते कॉम्प्युग्राफिक्स म्हणत. त्या कार्यशाळेत कॅमेऱ्याशी खेळलेल्या चित्रकार नलिनी मलानी, त्याही जे. जे.च्याच, आज आयपॅडवर बोटानं रेघा ओढून त्यांची ॲनिमेशनं करतात.

असो. आपल्या खोलीत परत येऊ, कारण इथं एक गडबड झाली आहे.

[दृश्य : प्रिंटचे तीन तुकडे जमिनीवर. तिन्हींत निळा वेगळा, तिन्ही चुकीचे.]

पहिला नमुना जांभळा आला. दुसरा राखाडी. तिसऱ्याला प्रिंटवाल्यानं स्वतः बसून रंग सुधारला, तो शाळेच्या गणवेशासारखा आला. शेवटी त्यानं हात वर केले. "मॅडम, मशीनमध्ये हा निळा नाही."

तो खरं बोलत होता. पडद्यावर रंग दिसतो तो प्रकाशाचा. छपाईत तो निळसर, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या शाईच्या ठिपक्यांतून जुळवावा लागतो. काही रंग त्या जुळणीच्या आवाक्याबाहेरचे असतात, आणि गडद अल्ट्रामरीन त्यातला एक. पोपड्याच्या तळाचा निळा नेमका तोच. बाबांनी बघताक्षणी ओळखला. "ही नीळ आहे गं. कपड्यांची. चुन्यात कालवायचे."

कपड्यांची नीळ म्हणजे कारखान्यात केलेलं अल्ट्रामरीनच. चुन्यात बरेच रंग टिकत नाहीत, चुना त्यांना खातो. नीळ मात्र राहते. म्हणून आजोबा-पणजोबांच्या भिंती निळ्या.

मग निर्णय झाला. फाइलमधून निळा पुसून टाकायचा. त्या जागी कॅनव्हास पांढराच ठेवायचा आणि तिथं हातानं नीळ भरायची. आईनं वाण्याकडून पुडी आणली.

[दृश्य : वाटीत निळी भुकटी. तिच्यात पांढरं, दाट ॲक्रिलिक मीडियम, म्हणजे रंग बांधणारं द्रव्य, ओतलं जातं. चमचा फिरतो.]

पहिला हात फिरवला आणि शेजारचा छापील गुलाबी निळ्यात वाहून गेला. चार फुटांचा कॅनव्हास वाया. स्वस्तात पडतं म्हणून साध्या डाय शाईवर छापून घेतलं होतं. ती पाण्यात विरघळते. ॲक्रिलिकमध्ये पाणी असतंच. बाबा काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं एवढंच म्हणाले, "अस्तर दिलं नाहीस."

दुसरा कॅनव्हास पिगमेंट शाईवर छापला. त्यात रंगाचे कण असतात, पाण्यानं सहजी हलत नाहीत. त्यावर पारदर्शक वॉर्निशचे दोन पातळ हात. पावसाळ्याचे दिवस, एकेक हात वाळायला पूर्ण दिवस. मग नीळ.

आणि इथं ती जे करते ते आम्हाला या सगळ्यात जास्त आवडलं. छापील कुठं संपतं आणि रंग कुठं सुरू होतो, ती कड तिनं लपवली नाही. बाजारात असे कितीतरी कॅनव्हास मिळतात की ज्यांत फोटो छापतात, वरून पारदर्शक जेलचे फटकारे मारतात आणि हाताचं काम म्हणून विकतात. आमच्या मते ती शुद्ध लबाडी आहे. पणजीच्या लक्ष्मीला लावलेली खरी जर, "मी छापील आहे" असं भासवत नव्हती. इथंही नीळ जाड आहे, खरबरीत आहे, भुकटीच्या गुठळ्या तशाच आहेत. छापील पोपडा तिच्याशेजारी गुळगुळीत. बोट फिरवलं की पायरी लागते.

गॅलरीवाले विचारतात, याच्या प्रती किती निघतील? छापील भागाच्या हव्या तेवढ्या. निळ्याची एकच.

[दृश्य : चाळीची गॅलरी. चित्र कठड्यावर बाहेरच्या बाजूनं, दोऱ्यांनी बांधलेलं.]

खोलीत चार फुटांचं चित्र लांबून बघता येत नाही. मागं सरकलं की खाट लागते. म्हणून बाबा दोन जिने उतरून खाली जातात, एक हात कठड्यावर. पलीकडं, जिथं ती चाळ होती, तिथं आता निळे पत्रे ठोकले आहेत. बाबा पत्र्यांना पाठ टेकवतात, डोळ्यांवर हात धरतात. वरच्या तीन गॅलऱ्यांतून शेजारी वाकून बघतायत.

बराच वेळ काहीच नाही. मग खालून, बॅनर चढवतानाचा तोच जुना आवाज :

"उजवा कोपरा उचल! अजून! आणि तो पिस्ता मार जरा, फार ओरडतोय!"

"बाबा, तो छापलेला आहे!"

"मग ब्रश कशाला आहे हातात?"

[दृश्य : ती कठड्यावरून वाकते. ब्रश पिस्त्यावर टेकतो.]