स्पॅनिश क्रियापदात जोर कुठे? ती तिरकी रेघ गाळू नका!

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय: "ताई, अक्षरावरची ती तिरकी रेघ नाही दिली तर चालतं का?"

नाही चालत.

नियम पटकन उरकते. शब्द स्वरावर, 'न'वर किंवा 'स'वर संपला, तर जोर शेवटून दुसऱ्या सिलेबलवर, म्हणजे एका दमात म्हटल्या जाणाऱ्या तुकड्यावर. नाहीतर शेवटच्यावर. याच्याबाहेर जोर गेला की रेघ. झालं.

आता आब्लार, म्हणजे बोलणं. सुरुवातीच्या एचला उच्चार नाही. त्याचं एक रूप आ-ब्लो. 'आब-लो' असं फोडू नका, ब आणि ल तिथे एकत्रच राहतात. जोर 'आ'वर दिला की 'मी बोलते'. जोर 'ब्लो'वर, म्हणजे ओवर रेघ, की 'तो बोलला'. माणूस बदलला, काळही बदलला!

त्यात स्पॅनिशमध्ये कर्ता सर्रास गाळतात, आपण 'येतोस का?' विचारताना 'तू' गाळतो तसा. त्यामुळे 'आब्लो कोन आना' ऐकल्यावर आनाशी मी बोलते की तो बोलला, हे त्या जोरावरूनच कळणार. आपल्या मराठीत जोर इकडचा तिकडे झाला म्हणून काळ बदलत नाही, म्हणून आपला कान तिकडे जातच नाही.

अजून पटलं नाही? आब्ले घ्या. जोर 'ब्ले'वर: 'मी बोललो'. जोर 'आ'वर: 'आपण बोला'. माझ्या वर्गातला एकजण सरांना 'मी बोललो' सांगायला गेला आणि 'बोला' म्हणून बसला. सर बोलतच सुटले!

आणि ती शिकवणी ॲप्स! रेघ गाळली तरी उत्तर बरोबर देतात, खाली बारीक अक्षरात 'आघातचिन्हाकडे लक्ष द्या'. कोण वाचतंय ते? फोनवर अक्षर दाबून धरा, रेघ मिळते.

आता को-मी-आ आणि को-मिओ. पहिल्यात ईवर रेघ, म्हणून ई आणि आ वेगळे, तीन सिलेबल: 'तो खायचा'. दुसऱ्यात रेघ ओवर, इ त्याला चिकटते, दोनच: 'त्याने खाल्लं'. 'को-मि-ओ' असं तीन तुकड्यांत म्हणू नका, प्लीज.

एकाने कमेंटमध्ये मला पकडलंय: "'तो हसला' याच्या रिओवर रेघ का नाही?" बरोबर पकडलंत. पूर्वी ओवर रेघ असायची. स्पॅनिश अकादमीच्या 2010 च्या लेखननियमांनी तो शब्द एकाच सिलेबलचा धरला, म्हणून रेघ गेली. 'मी हसते'च्या री-ओमध्ये मात्र ईवर रेघ आहेच. म्हणजे इथे रेघवाला वर्तमानकाळ आणि बिनरेघेचा भूतकाळ, आब्लोच्या बरोबर उलटं!