तेरा, चौदा, पंधरा

[पडद्यावर: जुन्या मूकपटाची थरथरती दृश्यं. उघड्यावरची रिंग, भोवती टोप्या घातलेल्या पुरुषांची गर्दी.]

३ सप्टेंबर १९०६. अमेरिकेच्या नेवाडा राज्यातलं गोल्डफील्ड, सोन्याच्या खाणींवर उभं राहिलेलं गाव. रिंगमध्ये जो गॅन्स आणि बॅटलिंग नेल्सन. लढत किती फेऱ्यांची, ते ठरलेलंच नाही. दोघांपैकी एक जण संपेपर्यंत चालायची.

लाइटवेट या वजनगटाचा किताब गॅन्सकडे होता. बॉल्टिमोरच्या या कृष्णवर्णीय बॉक्सरनं १९०२मध्ये फ्रँक अर्नला पहिल्याच फेरीत झोपवून तो मिळवला होता. तरीही गोल्डफील्डच्या अटी घातल्या आव्हानवीराच्या माणसांनी. गॅन्सला ११ हजार डॉलर, नेल्सनला त्याच्या सुमारे दुप्पट. वजन १३३ पौंडांच्या आत, तेही लढतीच्या पोशाखासकट. आणि लढतीच्याच दिवशी, एकदा नव्हे, तीनदा काट्यावर उभं राहायचं. एवढ्यासाठी शरीर आधीच सुकवलेलं असताना हा माणूस दुपारच्या उन्हात रिंगमध्ये उतरला.

आता या चित्रफितीत त्याचे पाय पाहा. नेल्सन डोकं खाली घालून रेड्यासारखा आत घुसतो. गॅन्स पळत नाही. अर्धं पाऊल मागे, जेमतेम ठोसा चुकेल इतकंच, आणि तिथूनच त्याचा सरळ हात निघतो. वाया गेलेली एक हालचाल सापडत नाही. तेहेतिसाव्या फेरीच्या सुमारास त्याचा उजवा हात मोडला. पुढच्या फेऱ्या त्यानं ते दुखणं लपवत काढल्या. बेचाळिसाव्या फेरीत नेल्सननं कमरेखाली मारलं आणि पंचांनी त्याला बाद केलं. पावणेतीन तास चाललेली लढत गॅन्सनं जिंकली. चार वर्षांनी क्षयानं तो गेला, तेव्हा त्याचं वय होतं पस्तीस.

आजवरचा सर्वांत मोठा लाइटवेट कोण, हा वाद सुरू झाला की गॅन्सचं नाव आदरानं घेतात आणि लगेच पुढे सरकतात. जुना काळ, धूसर चित्रफीत. मला तसं पुढे सरकता येत नाही.

[पडद्यावर: वजनकाटा, अगदी जवळून.]

मुष्टियुद्धात वेगवेगळ्या काळांची तुलना कुठे करावी, तर ती या वजनगटात. हेवीवेटमध्ये वरची मर्यादाच नाही, त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीचा जगज्जेता आजच्या धिप्पाड बॉक्सरसमोर उभा केला तर मुळात मापच जुळत नाही. लाइटवेटची हद्द मात्र १३५ पौंड, म्हणजे ६१.२ किलो. ती गेली शंभर वर्षं तिथंच आहे. या वजनात हात चपळ राहतात आणि एका ठोशानं समोरचा आडवाही होतो. म्हणूनच इथं निव्वळ ताकदीवर कोणी फार काळ टिकलेलं नाही.

मात्र काट्यावरचा आकडा तोच राहिला तरी काट्यावर उभं राहायची वेळ बदलली. आणि घंटा किती वेळा वाजणार, तेही बदललं. ठोशाला ठोसा लावून तुलना करण्याआधी या दोन गोष्टींचा हिशेब करावा लागतो.

[पडद्यावर: बेनी लेनर्डचं छायाचित्र. चापून बसवलेले केस.]

हा बेनी लेनर्ड. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधल्या ज्यू वस्तीतला मुलगा. लढत संपल्यावरही केसांचा भांग विस्कटलेला नसतो, याचा त्याला मोठा अभिमान. १९१७च्या मे महिन्यात त्यानं फ्रेडी वेल्शला नवव्या फेरीत हरवून किताब घेतला. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा पंचांना गुणांवर निकाल देण्याची मुभाच नव्हती. त्यामुळे चांगलं खेळून भागण्यासारखं नव्हतं, वेल्शला पाडावंच लागणार होतं. लेनर्डनं पाडलं. नंतर सात वर्षांहून जास्त काळ किताब त्याच्याकडे राहिला, आणि १९२५मध्ये आईच्या इच्छेखातर तो जगज्जेता असतानाच निवृत्त झाला. १९२९च्या शेअर बाजाराच्या पडझडीत पैसा गेला म्हणून परत यावं लागलं. या पुनरागमनात त्याच्या कोपऱ्यात रे आर्सेल नावाचा प्रशिक्षक होता. हे नाव लक्षात ठेवा.

हेन्री आर्मस्ट्राँगबद्दल थोडक्यात, कारण लाइटवेटमध्ये तो फार काळ थांबला नाही. १९३८च्या ऑगस्टमध्ये लू अँबर्सशी लढताना त्याचं तोंड इतकं फाटलं की रिंगवर रक्त पसरायला लागलं. पंचांनी बजावलं, असंच सुरू राहिलं तर लढत थांबवीन. आर्मस्ट्राँगनं शेवटच्या फेऱ्या स्वतःचं रक्त गिळत काढल्या आणि तो जिंकला. लाइटवेटच्या खालचा फेदरवेट, वरचा वेल्टरवेट आणि आता लाइटवेट, असे तीन वजनगटांचे किताब एकाच वेळी त्याच्याकडे आले. मुख्य वजनगट आठच असायचे त्या काळात.

[पडद्यावर: पनामा सिटी. एल चोरिलोची वस्ती.]

आता रॉबेर्तो दुरान. जन्म १९५१, एल चोरिलोच्या गरिबीत. २६ जून १९७२ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये स्कॉटलंडच्या केन ब्युकॅननविरुद्ध तो उतरला तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांचा होता. कोपऱ्यात फ्रेडी ब्राउन आणि बहात्तर वर्षांचे रे आर्सेल. तेच आर्सेल, ज्यांनी बेनी लेनर्डला जवळून पाहिलं होतं. मुष्टियुद्धात आधी डोकं आणि मग ताकद, असं ते कायम सांगत.

त्या रात्रीचा शेवट वादग्रस्त आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. तेरावी फेरी संपल्याची घंटा झाल्यावर दुरानचा ठोसा ब्युकॅननच्या कमरेखाली बसला. ब्युकॅनन कळवळत खाली गेला, लढत तिथंच थांबली आणि किताब दुरानला मिळाला. गुणांवर दुरान बराच पुढे होता हे खरं. तरी ब्युकॅननचा राग रास्त होता, असंच मला वाटतं.

दुरान खरा कळतो तो एस्तेबान दे हेसुससमोर. पोर्तो रिकोचा हा बॉक्सर. १९७२च्या नोव्हेंबरमध्ये त्यानं डाव्या हूकनं, म्हणजे कोपर वाकवून बाजूनं मारलेल्या ठोशानं, दुरानला पहिल्याच फेरीत खाली बसवलं आणि गुणांवर हरवलं. दुरानचा हा पहिला पराभव. १९७४मध्ये पुन्हा गाठ पडली. पुन्हा पहिली फेरी, पुन्हा तोच डावा हूक, पुन्हा दुरान खाली. या वेळी मात्र त्यानं उठून अकराव्या फेरीत दे हेसुसला संपवलं.

तिसरी लढत २१ जानेवारी १९७८ची, लास व्हेगासमध्ये. ती सावकाश पाहा. सहा वर्षांपूर्वीचा धसमुसळा पोरगा आता दिसत नाही. दुरान जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ झटपट ठोसा, टाकतो, वाट पाहतो. डावा हूक येतो तेव्हा त्याची हनुवटी तिथं नसते. खांदा किंचित वळलेला, डोकं ठोशाच्या आत सरकलेलं, आणि त्याच झोकात उजवा हात बरगड्यांवर. सुरुवातीच्या फेऱ्यांत या बरगड्यांवरच्या ठोशांकडे कोणाचं लक्ष जात नाही. सातव्या-आठव्या फेरीत दे हेसुसची कोपरं खाली यायला लागतात. बाराव्या फेरीत सगळं संपतं. ज्या ठोशानं दोनदा पाडलं, तो ठोसा या माणसानं अभ्यासून निकामी केला. त्याला नुसता रांगडी मारामारी करणारा म्हणणाऱ्यांनी ही लढत नीट पाहिलेली नसावी. लाइटवेटमध्ये बारा वेळा किताब राखला, त्यातल्या अकरा वेळा नॉकआउटनं.

पुढे दे हेसुस तुरुंगात गेला, त्याला एड्स झाला. १९८९मध्ये, लोक अशा रुग्णाला हात लावायलाही घाबरत होते तेव्हा, दुरान त्याला भेटायला गेला आणि त्यानं त्याला घट्ट मिठी मारली.

[पडद्यावर: शांतता. रिकामी रिंग.]

१३ नोव्हेंबर १९८२. पुन्हा लास व्हेगास, पुन्हा लाइटवेटचाच किताब. अमेरिकेचा रे मॅन्सिनी आणि दक्षिण कोरियाचा किम डुक-कू. चौदाव्या फेरीच्या सुरुवातीलाच किम कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. चार दिवसांनी तो गेला.

त्यानंतर जागतिक किताबाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आणल्या गेल्या. एका संघटनेनं लगेच, बाकीच्यांनी त्या दशकात मागाहून. सुकलेल्या शरीरात पाणी भरायला वेळ मिळावा म्हणून वजन लढतीच्या आदल्या दिवशी घेण्याची पद्धतही त्याच दशकात रुळली. हेतू चांगला होता. परिणाम असा की आजचा लाइटवेट काट्यावर १३५ भरतो आणि दुसऱ्या दिवशी दहा-पंधरा पौंड वाढवून रिंगमध्ये येतो. गॅन्सला हा एक दिवस मिळाला असता तर?

[पडद्यावर: पर्नेल व्हिटेकर, संथगतीत.]

नव्या काळातला माझ्या मते सर्वश्रेष्ठ लाइटवेट हाच. व्हर्जिनियातल्या नॉर्फोकचा डावखुरा, १९८४च्या ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता. त्याचा बचाव शब्दांत पकडणं अवघड आहे. गुडघे इतके वाकतात की तो समोरच्याच्या पट्ट्याखाली दिसेनासा होतो, ठोसा वरून निघून जातो, आणि तो वर येतो ते बाजूला. समोरच्याला वळून त्याला शोधावं लागतं. आणि हे दोर मागे असताना, पळायला जागा नसताना. १९८८मध्ये पॅरिसजवळ होसे लुइस रामिरेझविरुद्ध त्याच्यावर धडधडीत अन्याय झाला. निकाल ऐकताना आजही चीड येते. पुढच्या वर्षी त्यानं त्याच रामिरेझला घरच्या प्रेक्षकांसमोर हरवलं. १९९०मध्ये तो निर्विवाद जगज्जेता झाला, म्हणजे मुख्य संघटनांचे सगळे किताब एकट्या त्याच्याकडे. दुराननंतर लाइटवेटला असा जगज्जेता मिळाला नव्हता.

व्हिटेकरनंतरही मोठे बॉक्सर झाले. २००५मध्ये दहाव्या फेरीत दोनदा खाली जाऊन त्याच फेरीत जिंकणारा दिएगो कोरालेस, किंवा पायांच्या कोनांनी समोरच्याला भोवऱ्यासारखा फिरवणारा युक्रेनचा लोमाचेंको. पण लोमाचेंकोच्या सगळ्या व्यावसायिक लढती एकवीस. दुरानच्या एकशे एकोणीस. हौशी मुष्टियुद्धातला अनुभव धरला तरी, शरीरावरचे ठोसे सहन करत लांबच्या फेऱ्यांत स्वतःला बदलत राहणं फक्त लांबच्या फेऱ्यांतच शिकता येतं.

[पडद्यावर: डावीकडे दुरान, उजवीकडे व्हिटेकर.]

तर मग या दोघांना समोरासमोर आणू. वजन त्याच दिवशी सकाळी, दोघांनाही सारखंच.

पहिल्या सहा फेऱ्या व्हिटेकरच्या. उजव्या हाताचा जॅब दुरानच्या चेहऱ्यावर बसत राहील आणि दुरानचे मोठे ठोसे हवेत जातील. तो चिडणार नाही, १९७८मध्ये चिडला नव्हता. डोकं सापडत नसेल तर तो दंड, खांदा, बरगड्या जे हाताला लागेल त्यावर मारत राहील. नवव्या-दहाव्या फेरीत व्हिटेकरचे गुडघे आधीइतके वाकणार नाहीत. बाराव्या फेरीची घंटा झाली की गुणपत्रिकेवर व्हिटेकर एका-दोन गुणांनी पुढे असेल, आणि त्याच्या काळाच्या नियमानं तो जिंकला.

दुरानच्या काळाच्या नियमानं अजून तीन फेऱ्या बाकी आहेत. त्या तिन्ही मी दुरानला देतो.

[पडद्यावर: घंटा. काळोख.]